ग्लॉकोमा फेलोशिपला जाताना काय विचारायचं

डोळ्यांच्या एमएसच्या परीक्षा झाल्या की दर वर्षी माझ्याकडे फेलोशिपला, म्हणजे एकाच विषयाच्या खास ट्रेनिंगला, जाणाऱ्या मुलांचे मेसेज यायला लागतात. "ताई, ग्लॉकोमा घेऊ का रेटिना?" "मॅडम, तिकडे ट्रॅब किती मिळतात?" (ग्लॉकोमा म्हणजे काचबिंदू, रेटिना म्हणजे डोळ्याचा मागचा पडदा, आणि ट्रॅब म्हणजे काचबिंदूचं एक ऑपरेशन.) काही मुलं आपल्या इंदूरचीच असतात, काही उज्जैन-देवासची, आणि एखाद्याची आई माझ्या आईला सानंदच्या नाटकाच्या मध्यंतरात गाठते आणि तिथेच माझा नंबर घेते. प्रत्येकाला फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा इथे एकदा नीट लिहून ठेवते. जे डॉक्टर नाहीत त्यांनीही वाचा, कारण घरात एखाद्या आजी-आजोबांना काचबिंदू असतोच, आणि आपला डॉक्टर काय शिकून आलाय हे पेशंटला कळलं तर बरंच आहे.

आधी आजाराबद्दल थोडक्यात. काचबिंदू, इकडे पेशंट काला मोतिया म्हणतात तो. डोळ्याच्या आत सतत एक पाणी तयार होतं आणि कॉर्निया म्हणजे पुढची पारदर्शक काच आणि आयरिस म्हणजे बाहुलीभोवतीचा रंगीत भाग, या दोघांच्या मधल्या कोनात जी जाळी आहे तिच्यातून बाहेर जातं. जाळी काम करेना किंवा कोनच बंद झाला की मोरी तुंबल्यावर पाणी चढतं तसं प्रेशर चढतं आणि मागची नस हळूहळू मरत जाते. काहींचं प्रेशर नॉर्मल असून पण नस जाते, तो आणखी वेगळा त्रास. बहुतेकांना दुखत नाही, लाल होत नाही, आणि मधली नजर शेवटपर्यंत राहते, त्यामुळे माणूस चार्टवरची शेवटची ओळ वाचतो आणि समाधानाने घरी जातो, तोपर्यंत कडेची नजर गेलेली असते आणि ती कुठल्याच उपायाने परत येत नाही. मदुरैकडच्या खेड्यांत चाळिशीच्या वरच्या लोकांचा एक मोठा सर्व्हे झाला होता, २००३ मध्ये छापून आला, त्यात २.६ टक्के लोकांना काचबिंदू निघाला, आणि ज्यांना ओपन अँगलवाला, म्हणजे कोन उघडा असतानाचा, होता त्यातल्या ९३ टक्के लोकांना तोपर्यंत कोणी सांगितलेलंच नव्हतं. म्हणजे शंभरातल्या त्र्याण्णव लोकांना आपली नस जातेय हे माहीतच नाही. मला हा आकडा अजूनही बेचैन करतो.

आता ट्रेनिंग.

जे विचारतात "ट्रॅब किती मिळतात" त्यांना मी एकच सांगते, हा प्रश्न दुसऱ्या नंबरला ठेवा. पहिला विचारा की गोनिओ, म्हणजे आरशाच्या लेन्सने कोन बघायची तपासणी, किती होतील, आणि ती झाल्यावर तपासणारं कोणी शेजारी बसेल का.

कारण सांगते. एमएसच्या तीन वर्षांत आपण मोतीबिंदू शिकतो, आणि चांगला शिकतो, कॅम्पचे पेशंट, रोजची ओटी, हात बसतोच. ग्लॉकोमाचं तसं नाही. मी जिथे शिकले तिथे गोनिओ लेन्स कपाटात कुलूप लावून ठेवलेली असायची, फुटेल म्हणून. परीक्षेच्या आधी ती बाहेर यायची. प्रेशर मोजायचं तर हवा मारणारं मशीन होतं, ते टेक्निशियन करायचा, आकडा कागदावर यायचा आणि २१च्या खाली असला की पेशंट नॉर्मल. डिस्क, म्हणजे डोळ्याच्या मागे दिसणारं नसेचं तोंड, कशी दिसतेय, कोन कसा आहे, कॉर्निया जाड आहे की पातळ, हे बघायला कोणाला वेळ नव्हता. कॉर्निया पातळ असला तर मशीन प्रेशर कमी दाखवतं, आणि अठरा दिसलं म्हणून सोडलेला माणूस खरा अठराचा नसतो, हे सगळं पुस्तकात वाचलेलं होतं, पण रोजच्या ओपीडीत कोणी करून दाखवलेलं नव्हतं.

मग मी दक्षिणेत फेलोशिपला गेले. तिथे पहिले काही आठवडे कोणी मला ओटीच्या दाराशीही उभं केलं नाही. फक्त अंधारी खोली, स्लिट लॅम्प म्हणजे डोळे तपासायचा उजेडाचा मायक्रोस्कोप, आणि पेशंट. भाषा येत नव्हती, "मेले पारुंगो, कीळे पारुंगो, नेरा पारुंगो" म्हणजे वर बघा, खाली बघा, सरळ बघा, एवढ्यावर दिवस निघायचा.

गोनिओस्कोपी कशी शिकवतात ते जरा सविस्तर लिहिते कारण सगळा जीव त्यात आहे. कोन बाहेरून थेट दिसत नाही, तिथला प्रकाश कॉर्नियावरूनच आत परत वळतो, म्हणून आरशाची लेन्स डोळ्याला टेकवून बघावं लागतं. भूल यायला एक थेंब, हनुवटी टेकवलेली, खोलीतले सगळे दिवे बंद, मोबाईलसुद्धा पालथा. स्लिटचा उजेड बारीक आणि आखूड, जेमतेम एक मिलिमीटर, आणि तो बाहुलीवर पडता कामा नये. पडला की बाहुली आकसते, आयरिस ताणला जातो आणि बंद असलेला कोन उघडा दिसायला लागतो. म्हणजे उजेडाच्या चुकीने निदान उलटं होतं! मग उजेडाच्या दोन रेषा कॉर्नियाच्या आत कुठे एकत्र येतात ते शोधायचं, ती श्वाल्बे लाइन, तिच्या खाली जाळी, मग स्क्लेरल स्परची पांढरी रेघ, मग सिलिअरी बॉडीचा काळपट पट्टा. वरच्या आरशात खालचा कोन दिसतो हे लक्षात ठेवायचं. चार आरशांची लेन्स असेल तर हलकं दाबून बघायचं, नुसता टेकलेला कोन दाबल्यावर उघडतो आणि चिकटलेला उघडत नाही, आणि या दोघांचा इलाज वेगळा. पण नकळत दाबलं तर कॉर्नियावर सुरकुत्या येतात आणि कोन खोटाच उघडतो, म्हणून हात किती हलका ठेवायचा हे पुस्तकातून कळूच शकत नाही, कोणीतरी मागे उभं राहून "हात सैल सोड" म्हणावं लागतं.

माझ्या सीनियर मॅडम बोलू द्यायच्या नाहीत. आधी कागदावर काढ म्हणायच्या. चारी बाजूंचा कोन पेन्सिलने काढायचा, कुठपर्यंत काय दिसलं ते लिहायचं, मग त्या स्वतः बसून बघायच्या आणि माझ्या कागदावर लाल पेनाने फुल्या मारायच्या. सुरुवातीला कागदभर लाल. हळूहळू लाल कमी होत गेलं. आज माझ्या ओपीडीत कोणी "ओपन अँगल ग्लॉकोमा" लिहिलेली चिठ्ठी घेऊन आलं की मी ती बाजूला ठेवते, लाईट बंद करते आणि स्वतः कोन बघते. आणि किती वेळा तो बंद निघतो! वर्षानुवर्षं थेंब घालणारा माणूस, ज्याला लेझरने आयरिसला एक बारीक भोक आधीच करायला हवं होतं. लेझर केल्यावर पुन्हा गोनिओ करावी लागते, कारण काहींचा कोन भोकानंतरही बंदच राहतो, ते पण बहुतेक ठिकाणी कोणी बघत नाही. आणि ज्यांचा कोन बंद होऊन प्रेशर चढलंय आणि वय पन्नासच्या पुढे आहे त्यांच्यात डोळ्यातली लेन्सच मोतीबिंदूसारखी काढून टाकली तर आधी लेझर करण्यापेक्षा चांगलं निभतं, हे २०१६ मध्ये ईगल नावाच्या ट्रायलने दाखवलं. म्हणजे तुमचा मोतीबिंदूचा हात इथेही कामाला येतो, पण कोन बघता आला तरच तो कोणाला वापरायचा ते कळणार.

प्रेशर मोजण्याचंही तसंच. गोल्डमनचं अॅप्लनेशन, म्हणजे डोळ्याला टेकवून प्रेशर मोजायची पद्धत, निळा उजेड, फ्लुरोसिनचा पिवळा रंग, आणि हिरवी दोन अर्धवर्तुळं, त्यांच्या आतल्या कडा एकमेकींना टेकल्या की आकडा वाचायचा. यंत्राचा टोकाचा भाग कॉर्नियाचं ३.०६ मिलिमीटर व्यासाचं वर्तुळ सपाट करतो तेव्हा येणारा तो आकडा. रंग जास्त झाला तर अर्धवर्तुळं जाड होतात आणि प्रेशर खोटं जास्त येतं, पेशंटने श्वास रोखला किंवा कॉलर घट्ट असली तरी जास्त येतं. आमच्याकडे लग्नसराईत शेरवानीचं गळपट्टं आवळून आलेले काका असतात, त्यांना आधी बटण उघडा म्हणावं लागतं.

फील्ड टेस्ट, म्हणजे कडेची नजर मोजायची टेस्ट, तिच्याबद्दल एक गोष्ट मला फार आवडली तिथली. प्रत्येक फेलोला आधी स्वतःची फील्ड टेस्ट द्यावी लागायची. त्या वाटीत डोकं घालून, एका डोळ्यावर पट्टी, मधल्या दिव्याकडे टक लावून, कडेला कुठेतरी मिणमिण झालं की बटण दाबायचं, एका डोळ्याला पाच-सात मिनिटं. दिवे इतके मंद असतात की अर्धे तर नॉर्मल माणसालाही दिसणार नाहीत, टेस्ट तशीच बनवलेली आहे. हे पेशंटला आधी सांगितलं नाही तर तो घाबरून नुसतं बटण दाबत सुटतो आणि रिपोर्ट कचरा येतो. म्हणून मी इंदूरला आल्यावर आमच्या फील्ड घेणाऱ्या मुलाला पहिले बसवलं मशीनवर. आता तो निमाडच्या म्हाताऱ्या बाईला तिच्या बोलीत समजावतो, मधे थांबून तिला डोळे मिटून विश्रांती देतो, आणि रिपोर्ट वाचण्यासारखे येतात. तुम्ही फेलोशिपला जाल तेव्हा फील्डच्या खोलीत नक्की बसा, टेक्निशियनकडून शिका, त्यात कमीपणा काही नाही.

आता ऑपरेशन. ट्रॅबेक्युलेक्टॉमी केर्न्सने १९६८ मध्ये लिहून ठेवली आणि अजूनही तीच चालते, थोडे बदल होऊन. डोळ्याच्या पांढऱ्या भागात एक पातळ झाकण करायचं, त्याखाली छोटी वाट करायची, पाणी बाहेर येऊन वरच्या त्वचेखाली साठतं, त्या फुग्याला ब्लेब म्हणतात. जखम भरून वाट बंद होऊ नये म्हणून मायटोमायसिन नावाचं औषध लावतात. करायला तासभर फार तर. पण खरी ट्रॅब त्यानंतर महिनाभर ओपीडीत चालते, आणि हे मला कोणी आधी सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी प्रेशर तीन आलं तर काय करायचं, तीस आलं तर काय करायचं, कुठला टाका कधी सोडायचा, आज सोडायचा की चार दिवस थांबायचं, पुढची जागा उथळ झालीये ती पट्टीने सुधरेल की परत ओटीत न्यायचं, ब्लेबमधून पाणी गळतंय का ते फ्लुरोसिनची पट्टी लावून बघायचं. ऑपरेशन करून पेशंट दुसऱ्याकडे सोपवणारा फेलो अर्धंच शिकून येतो. म्हणून मुलांना सांगते, तुम्ही केलेल्या ट्रॅबचा फॉलोअप तुम्हालाच मिळणार का हे आधी विचारा. काही ठिकाणी केस एकाची आणि ओपीडी दुसऱ्याची असते, तिथे तुमच्या लॉगबुकात आकडा भरेल पण डोकं भरणार नाही.

ट्यूबचंही असंच, त्यात डोळ्यातलं पाणी बाहेर काढायला बारीक नळीचं इम्प्लांट बसवतात. मदुरैच्या ऑरोलॅबने २०१३ मध्ये आपल्याकडचं स्वस्त इम्प्लांट आणलं, आडी म्हणतात त्याला, ३५० चौरस मिलिमीटरची सिलिकॉनची प्लेट, त्यामुळे ज्यांना बाहेरचं महागडं वाल्व परवडत नाही त्यांची सोय झाली, आपल्या देशातली ही फार मोठी गोष्ट आहे माझ्या मते. पण त्याला वाल्व नाही, म्हणून नळी विरघळणाऱ्या दोऱ्याने बांधून ठेवतात, आणि पाच-सहा आठवड्यांनी दोरा सुटला की प्रेशर एकदम पडतं. ते कधी सुटणार हे माहीत असलेल्या डॉक्टरने तेव्हा पेशंटला बोलावून ठेवलेलं असतं.

थेंबांकडे वळते, कारण नव्वद टक्के काम तिथेच. दम्याच्या पेशंटला टिमोलॉल हा काचबिंदूचा थेंब द्यायचा नाही हे सगळ्यांना पाठ असतं, पण विचारतं कोण? "दमा आहे का" विचारलं तर माणूस नाही म्हणतो, "रात्री पंप घेता का" विचारलं तर हो म्हणतो. लॅटानोप्रॉस्ट या दुसऱ्या थेंबाची बाटली उघडण्याआधी फ्रिजमध्ये लागते, आणि खरगोन-बडवानीकडे मे महिन्यात काय तापतं ते आपल्याला माहीत आहे, खेड्यात फ्रिज नसेल तर दुसरं काही लिहायचं किंवा रूम टेंपरेचरवालं बघून लिहायचं. आणि पेशंटला आपल्या समोर थेंब घालायला लावायचा. हे मला तिथल्या एका काउन्सेलर ताईंनी शिकवलं, त्या डॉक्टर नव्हत्या. अर्ध्याहून जास्त लोकांचा थेंब गालावर जातो. थेंब गेला की डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा दोन मिनिटं दाबून धरायचा, म्हणजे औषध घशात उतरत नाही, आणि दोन औषधांत पाच मिनिटं जाऊ द्यायची. रामबागेतल्या एका काकूंची तक्रार होती की चार औषधं घालूनही प्रेशर उतरत नाही, त्यांना घालायला सांगितलं तर चारही एकापाठोपाठ एक, मिनिटभरात. नुसतं अंतर ठेवायला लावलं आणि पुढच्या वेळी प्रेशर उतरलेलं होतं.

दुसरं, बोलणं. हे पण शिकवावं लागतं. मोतीबिंदूवाल्याला दुसऱ्या दिवशी पट्टी काढली की जग उजळतं, तो पाया पडतो. ग्लॉकोमाच्या पेशंटला आपण काहीच परत देऊ शकत नाही, उलट ऑपरेशननंतर थोडे दिवस कमीच दिसतं. एक शेतकरी आजोबा आले होते, कोणीतरी त्यांना सांगितलेलं की ऑपरेशन केलं की नजर परत येईल, पैसे पण घेतलेले. एका डोळ्याने काही नाही, दुसऱ्याने मधलं तेवढं. मुलगा सोबत. त्यांना खुर्ची जवळ ओढून बसवलं आणि म्हटलं, आजोबा, गेलेलं येणार नाही, पण आज जेवढं दिसतंय तेवढं शेवटपर्यंत टिकवायचंय, आणि ते तुमच्या थेंबावर आहे. ते बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, इतना साफ पहले कोई बोला नहीं. आणि मग मुलाचा डोळा तपासला, कारण सख्ख्या नात्यात धोका कितीतरी जास्त असतो, तो चाळिशीचा होता आणि त्याच्या नसेत सुरुवात झालेली होती. घरातल्यांना तपासायला बोलावणं हे ट्रेनिंगमध्ये इतकं घोटून घेतलं पाहिजे की चिठ्ठी लिहिताना हात आपोआप तिकडे जाईल.

लहान मुलांबद्दल लिहिलं नाही तर हे अर्धवट राहील. उन्हाळ्यात आपल्याकडे डोळे खाजणारी मुलं भरपूर, अॅलर्जीची. आई मेडिकलवरून थेंब आणते, त्यात स्टिरॉइड असतं, खाज दोन दिवसात थांबते, मग तीच बाटली वर्षभर. आणि मग नववी-दहावीतला मुलगा येतो, फळा दिसत नाही म्हणून, आणि नस बघितली तर पांढरीफटक. हा काचबिंदू शंभर टक्के टाळता येण्यासारखा आहे. मला याचा इतका राग येतो की मी शाळेत बोलवलं तर जाते, महाराष्ट्र समाजात बोलवलं तर जाते, गणपतीच्या मांडवात बोलवलं तरी जाते. स्टिरॉइडचे थेंब चिठ्ठीशिवाय घेऊ नका, आणि चिठ्ठी असली तरी जितके दिवस लिहिलेत तितकेच. आणि तान्ह्या बाळाचे डोळे खूप मोठे, टपोरे दिसत असतील, पाणी येत असेल, उजेडात डोळे मिटत असेल तर "किती सुंदर डोळे" म्हणत बसू नका, त्याच आठवड्यात दाखवा.

कुठे जायचं? मदुरैचं अरविंद, जे डॉ. व्यंकटस्वामींनी १९७६ मध्ये अकरा खाटांवर सुरू केलं, चेन्नईचं शंकर नेत्रालय, हैदराबादचं एल. व्ही. प्रसाद, दिल्लीला एम्सचं राजेंद्र प्रसाद सेंटर, आपल्याच मध्य प्रदेशात चित्रकूटचं सद्गुरू. नावावर जाऊ नका, तिथे आत्ता जो फेलो आहे त्याला फोन करा आणि संध्याकाळी करा, सकाळी तो ओपीडीत बुडालेला असतो. त्याला विचारा की अंधारी खोली आहे का, गोनिओ कोणी क्रॉसचेक करतं का, स्वतःच्या केसचा फॉलोअप मिळतो का, मुलांचा काचबिंदू बघायला मिळतो का.

किती दिवस? ज्याला ट्रॅब आणि ट्यूब स्वतः करायच्या आहेत त्याने एक-दोन वर्षांची पूर्ण फेलोशिप करावी, तीन महिन्यात सर्जरी शिकून येतो म्हणणाऱ्यांनी पेशंटवर प्रयोग करू नयेत. पण ज्याला धार किंवा बडवानीत बसून सगळंच बघायचंय, त्याने तीन महिन्यांचं निदानाचं ट्रेनिंग घेतलं तरी पुष्कळ आहे. कोन बघता आला, डिस्क वाचता आली, लेझरचं भोक करता आलं, थेंब नीट लावता आले आणि कोणाला पुढे पाठवायचं ते कळलं, की त्या गावातल्या शेकडो लोकांची नजर टिकेल. माझं तर म्हणणं आहे की अशा ट्रेनिंगची गरज मोठ्या सर्जनपेक्षा जास्त आहे. घरचे म्हणतील अजून किती शिकणार, लग्नाचं बघू की नको, स्टायपेंड एवढाच? तीन महिने कोणाचंच लग्न अडवत नाहीत.

महिन्यातून एक रविवार मी माझ्या क्लिनिकमध्ये गोनिओचा सराव ठेवते, पेशंट आपल्या मर्जीने येतात, त्यांची त्या दिवशीची तपासणी फुकट असते. एमएसची मुलं, प्रॅक्टिस करणारे डॉक्टर, कोणीही या. चार आरशांची लेन्स असली तर सोबत आणा, नसली तर माझी आहे. पेन्सिल आणि कोरे कागद मी देते, लाल पेन माझ्याकडे असेल. पोहे खाऊन या, दुपारी एकच्या आत उठता येत नाही.